व्हर्मिलियनचा बर्फ सुटल्यावर

ती. आई-बाबांस,
सा. न.

खाडीतला बर्फ काठापासून सुटलाय आणि बाबा बोटीवरचं आवरण काढायला निघालेत, असं आई काल फोनवर म्हणाली. म्हणून आजच लिहायला बसले. निवृत्तीनंतर मिनेसोटात व्हर्मिलियन तळ्याच्या काठावर राहून बोट स्वतःच्या हाताने काढायची तुमची ही पहिलीच खेप. आतापर्यंत सगळं शनिवार-रविवारच्या घाईत व्हायचं. यंदा अख्खा मे महिना हाताशी आहे. तेव्हा माझं एकच मागणं आहे: बोट सावकाश तयार करा, आणि ती तयार झाली तरी पाण्यावर जायची घाई करू नका.

व्हर्मिलियनचा बर्फ साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जातो. वॉलआय माशाचा हंगाम मेच्या मध्यावर उघडतो आणि सगळं गाव त्या शनिवारी पाण्यावर असतं. तेव्हा हवा ७० अंश फॅरनहाइट असली तरी पाणी जेमतेम ४५ अंशांवर असू शकतं. पाणी ३९ अंशांना सर्वांत जड असतं. बर्फ गेला की वरपासून तळापर्यंत सगळं पाणी जवळपास त्याच तापमानाचं होतं, आणि वारा ते सतत ढवळत राहतो. त्यामुळे उन्हाची ऊब वरच्या थरात साठत नाही, खोलवर वाटली जाते. इतकं पाणी तापायला आठवडे लागतात.

बाबा, तुम्ही मालवणात पोहायला शिकलात आणि अजूनही छान पोहता. पण तिथलं पाणी थंडीतही पंचवीस अंश सेल्सियसच्या खाली सहसा जात नाही. इथलं मे महिन्यातलं पाणी सात-आठ अंशांचं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यात शरीराचं काय होतं यावर खूप काम केलंय. त्यांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, आपोआप धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम चढतात. पुढची साधारण दहा मिनिटं हातापायांत कामापुरता जोर असतो, मग बोटं वळत नाहीत, दोर धरवत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाहीत. अंग थंड पडून शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी बुडतो, आणि लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच तो तास हाती लागतो. कायद्याने मोठ्या माणसांना ते नुसतं बोटीत ठेवलं तरी चालतं. तुम्ही मात्र डॉकवर पाय ठेवायच्या आधीच घालायचं.

वसंतात फोमचंच जॅकेट वापरा, ते थोडी ऊबही धरतं. फुगणारं जॅकेट जुलैसाठी ठेवा, आणि तेही वापरण्याआधी त्यातली गॅसची नळी काढून बघा. तिला भोक पडलेलं असेल तर ती वापरली गेलेली आहे. ती घट्ट फिरवून बसवलेली हवी, आणि पाण्याने विरघळून सुटणाऱ्या भागावरची मुदत संपलेली नसावी.

आता बोटीकडे वळते. आवरण काढलं की आधी उंदरांच्या खुणा बघा, विशेषतः सीटखालच्या कप्प्यांत आणि मोटरच्या टोपणाखाली. लेंड्या किंवा घरटं दिसलं तर झाडू किंवा व्हॅक्यूम मारायचा नाही. इथल्या रानउंदरांकडून हंटाव्हायरस होऊ शकतो आणि तो धुळीतून श्वासात जातो. हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून ती जागा चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि मग कागदाने टिपून घ्या. आई, हे काम बंद शेडमध्ये नको, बोट उघड्यावर आणून कर. घरटं होतं तिथल्या वायरीही बोटांनी चाचपून बघा. कुरतडलेली वायर डोळ्यांना चटकन दिसत नाही.

बॅटरी चार्ज करून चार्जर काढल्यावर काही तासांनी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलेली आहे. चार्ज करूनही तिथेच अडकत असेल तर नवी आणा, तिच्या भरवशावर काठापासून लांब जाऊ नका. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. जोडताना आधी धन, मग ऋण. काढताना उलट.

आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरच्या, खालच्या भागातलं गिअर ऑइल शरद ऋतूत बदलायचं राहिलं असेल, तर सगळ्यात आधी ते करा. मोटर सरळ उभी ठेवा, खाली पसरट डबा ठेवा, खालचा स्क्रू काढा आणि मग वरचा. पहिली धार नीट बघा. काळपट तेल चालतं. दुधाळ, चहासारखं तेल आलं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे कुठलं तरी सील गेलंय. असं पाणी हिवाळ्यात गोठून गिअरचं घर तडकवू शकतं, तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमवर केसासारखी चीर दिसते का तेही बघा. दुधाळ तेल बदलून तशीच मोटर चालवू नका, दाबाची चाचणी करून सील बदलून घ्या. स्क्रूच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज, पण टोचणारे तुकडे असतील तर मेकॅनिक. नवं तेल खालच्या भोकातून वर पंप करायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ओघळेपर्यंत. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि पातळी खोटी दिसते. भरल्यावर वरचा स्क्रू आधी लावा, मगच पंप काढून खालचा, म्हणजे तेल जागीच राहतं. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. काही पैशांच्या वॉशरपायी सगळा गिअरबॉक्स जातो.

ओघात प्रॉपही, म्हणजे मोटरचा पाण्यातला पंखाही, काढा. किल्ली बाहेर, मोटर न्यूट्रलमध्ये, आणि प्रॉप फिरू नये म्हणून त्याचं पातं आणि वरची पट्टी यांच्या मधे लाकडाचा ठोकळा. मासेमारीची दोरी शाफ्टभोवती गुंडाळली जाते आणि प्रॉपच्या मागे दडून सील कापत बसते, त्यामुळे बाहेरून बघून ती कळत नाही. शाफ्टला मरीन ग्रीस लावा. कॉटर पिन नवी.

गेल्या वर्षीच्या पेट्रोलमध्ये ते टिकवणारं स्टॅबिलायझर घातलं नव्हतं तर ते वापरू नका, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाण्यासकट तळाला बसतं. मिनेसोटात बोटींसाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं मिळतं, तेच भरा. पेट्रोलच्या नळीवर दाबायचा रबरी बल्ब असतो, त्यावरचा बाण मोटरकडे हवा. बाणाचं टोक वर धरून दाबा, तो घट्ट व्हायला हवा. मऊच राहिला तर नळीतून हवा येतेय.

पहिल्यांदा मोटर सुरू करायची ती घरासमोर, उघड्यावर. पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर मफ्स, म्हणजे नळाची नळी जोडायचे रबरी कप, लावा, नळ सोडा आणि मगच किल्ली फिरवा. पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, रबराचा असतो, कोरडा फिरला तर काही सेकंदांत खराब होतो. शरद ऋतूत आत फवारलेलं तेल जळतं, म्हणून सुरुवातीला पांढरा धूर येईल, त्याला घाबरू नका. मागच्या बारीक भोकातून अर्ध्या मिनिटात पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर ताबडतोब बंद करा आणि नायलॉनच्या दोरीचा तुकडा भोकात घालून फिरवा, गांधीलमाशीचं मातीचं घर तिथे हमखास असतं. तरीही धार आली नाही तर इम्पेलर. तसाही तो दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो. मोटर चालू असतानाच लाल दोरीची क्लिप ओढून बघा, इंजिन तत्क्षणी बंद पडलं पाहिजे. ही क्लिप चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असायलाच हवी.

अग्निशामकावर बनवल्याचं वर्ष कोरलेलं असतं. एकदाच वापरायच्या जातीचा असेल तर बारा वर्षांनंतर तो बाद होतो.

बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, होणारी सगळ्यात मोठी चूक ड्रेन प्लगची, बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाच्या बुचाची. इथल्या कायद्याप्रमाणे रस्त्यावरून नेताना प्लग काढलेला हवा, म्हणजे तो घरून लावून निघता येत नाही. तो किल्लीच्याच रिंगेत अडकवून ठेवा. रॅम्पच्या आधीच्या मोकळ्या जागेत थांबून तो लावा, मागचे पट्टे सोडा आणि ट्रेलरच्या दिव्यांचं कनेक्शन काढा. पुढचा पट्टा मात्र पाण्यापर्यंत राहू द्या. चाकांची बेअरिंगं प्रवासात तापलेली असतात आणि एकदम गार पाण्यात गेली की आत पाणी ओढून घेतात. त्यांना पंधरा मिनिटं निवू द्या. परत येताना प्लग काढा, मासे ठेवायची टाकी रिकामी करा, दोऱ्या पुसा. व्हर्मिलियनमध्ये २०१५ साली काटेरी पाणपिसू सापडली. ती दोरीला ओल्या कापसाच्या बोळ्यासारखी चिकटते आणि तशीच दुसऱ्या तळ्यात पोचते.

डॉक पाण्यात लावायला बाबांनी वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची रबरी विजार, घालून उतरायचं नाही. पैसे देऊन माणसं बोलवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना त्या निसरड्या दगडांवर डोक्याला मार लागणं परवडणारं नाही.

आई, हा भाग तुझ्यासाठी. बाबा पाण्यात पडले तर बोट तुझ्या हातात असेल. म्हणून मोटर सुरू करणं, न्यूट्रल, वळवणं आणि थांबवणं हे डॉकजवळच्या शांत पाण्यात पाच-सहा वेळा कर. माणूस पडला की आधी उशी किंवा रिंग फेकायची. मग वळून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळू यायचं, तो तुझ्या बाजूला असावा, आणि तो हाताच्या अंतरावर येण्याआधी मोटर पूर्ण बंद. नुसतं न्यूट्रल नको. भिजलेल्या माणसाला काठावरून ओढून घेणं तुला जमणार नाही, मलाही जमणार नाही. म्हणून मागे शिडी हवी, जिच्या दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जातात आणि जी पाण्यातूनच खाली ओढता येते. सध्याची घडीची शिडी आतून हूक काढल्याशिवाय उघडत नाही. ती बदला.

खडक दाखवणारे तरंगते बॉय (buoy) सुरुवातीला जागेवर असतीलच असं नाही, तेव्हा खाडीबाहेर वेग कमी. लून पक्षी बर्फ सुटताच परततात आणि मेमध्ये काठाला लागून घरटी करतात. त्या काठापासून लांब राहा, बोटीच्या लाटेने अंडी वाहून जातात. निघताना कुठे जाताय आणि कधी परताल ते शेजाऱ्यांना सांगा आणि मला मेसेज करा. बेटांच्या मागे फोन लागत नाही.

पाण्यात सोडायचा एक थर्मामीटर पोस्टाने पाठवलाय. तो डॉकच्या टोकाच्या खांबाला, दोन फूट खोल बांधा आणि रोज सकाळी आकडा कळवा. सलग तीन दिवस ५५ अंश फॅरनहाइट दिसला की दोघं मिळून खाडीपुरते जा. तोवर शेडमधलं काम पुरेसं आहे.

तुमची,
धाकटी