'तारा' या हाकेसाठी, ताई, तुमचे आभार

ताई,

आमच्या कुत्रीच्या दत्तकपत्रावरचं 'रॉकी' खोडून तुम्ही 'तारा' लिहिलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

घरच्या यादीत रेवा, बसंती, भैरवी अशी एकाहून एक गोड नावं होती. तुम्ही प्रत्येक नाव हाक म्हणून मारून पाहिलंत. रेवातला 'रे' मराठी घरात दिवसभर घुमतो: अरे, काय रे, ऐक रे. कुत्रीनं मान वळवायची तरी कितीदा? बसंतीची सुरुवातच 'बस' या आज्ञेनं होते. भैरवीचं आठवड्यात कुणी भैरू करणार, कुणी भैरी, मग एकही हाक पक्की होत नाही. तारा दोनच अक्षरांची. 'त'मुळे सुरुवात ठसठशीत, शेवटचा 'आ' मैदानापलीकडे लांबवता येतो, आणि थांब, सोड, नको यांच्याशी गल्लत नाही. शेजारी कुणी तारा नाही ना, हेही तुम्हीच विचारलंत.

आधीच्या प्रशिक्षकाचं म्हणणं, नाव काहीही ठेवा, दरडावलं की ऐकतात. प्रत्येक 'रॉकी'मागोमाग पट्ट्याला हिसका. नाव ऐकलं की अंग चोरायचं, एवढंच ती शिकली. एरवी नाव बदलताना आधी नवं आणि लगेच जुनं उच्चारतात, मग जुनं हळूहळू गाळतात. इथे तसं केलं तर जुनी भीती नव्या नावाला चिकटेल, हे तुम्ही ओळखलंत. रॉकी त्याच दिवशी बंद.

तुम्ही सांगितलेलं सगळं चालू आहे. दिवसातून तीनदा, दर वेळी दहा हाका, प्रत्येक प्रतिसादाला लगेच खाऊ. तिनं पाहिलं नाही तर नाव पुन्हा घ्यायचं नाही, दोन पावलं जवळ जायचं. सारखं उच्चारलं की नावाचा नुसता गलका होतो. रागावताना किंवा आंघोळीला नेताना तारा म्हणायचंच नाही.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. तुम्ही जमिनीवर तिच्याकडे अंग तिरकं करून बसलात, 'तारा' एकदाच म्हणालात आणि गप्प राहिलात. मुक्या जिवालाही उत्तर द्यायला वेळ लागतो, हे इतक्या सहजपणे मानणारी माणसं फार थोडी. तिचा डावा कान हलला. तुम्ही हरभऱ्याएवढं पनीर तिच्यापुढे ठेवलंत आणि हात मागे घेतलात, डोक्याकडे नेला नाहीत.

अजूनही हाक मारली की आधी तो डावा कानच वळतो.