बिंदू चौक ते दसरा चौक : वारसा फेरी घडवून आणणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी आपण आमच्या गटाला कोल्हापुरात बिंदू चौकापासून दसरा चौकापर्यंत जी वारसा फेरी घडवून आणलीत, तिच्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मानधनाचा विषय आपण काढू दिला नाहीत, आणि फेरी संपल्यावर आम्ही चार शब्द बोलण्याच्या तयारीत असतानाच आपण रिक्षा थांबवून निघूनही गेलात. त्या वेळी जे बोलायचे राहून गेले, ते असे उघड पत्रातून लिहिण्यास आपली हरकत नसावी.

आमच्या गटात बहुतेक सगळे कोल्हापूरकरच होते. या इमारती आणि हे पुतळे आम्हांला पत्ता सांगण्यापुरते पाठ आहेत. ‘सीपीआरच्या (सरकारी रुग्णालयाच्या) समोर’, ‘टाऊन हॉलच्या मागे’ असे म्हणत आमचे आयुष्य चालले आहे. आपण मात्र प्रत्येक ठिकाणी थांबवून हे कोणी उभारले, कोणाच्या हातांनी घडले आणि आज कोणाच्या उपयोगी पडते, एवढेच विचारत राहिलात. जिथे आधार होता तिथे साल सांगितलेत, आणि जिथे केवळ ऐकीव गोष्ट होती तिथे ती ऐकीव असल्याचे स्पष्ट केलेत. या गावात प्रत्येक दगडामागे एखादी आख्यायिका तयार असते, हे लक्षात घेता आपला हा संयम मला फार मोलाचा वाटला.

बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा उरलेला भाग आणि त्याला लागून असलेले कारागृह दाखवून आपण महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यांसमोर आलात. कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी हे पुतळे उभे राहिले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच त्यांचा पुतळा या शहराने उभारला, आणि तो बाळ चव्हाण या कोल्हापूरच्या शिल्पकाराने घडवला, हे आपण सांगितलेत तेव्हा आमच्यातील महाविद्यालयीन मुलांनी आपापसांतले बोलणे थांबवले. हयात माणसाचा पुतळा घडवताना शिल्पकारावर केवढी जबाबदारी असते, हा आपला प्रश्न तर मला अजून पुरता सुटलेला नाही. ज्याचा चेहरा लोकांनी सभेत प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याच्या बाबतीत कल्पनेला फारसा वाव उरत नाही.

खासबाग मैदानाजवळ आपण फार वेळ घेतला नाही, आणि ते योग्यच झाले. युरोपच्या प्रवासात रोमचे कलोझियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी 1912 पर्यंत हे आखाड्याचे मैदान उभे केले, ही हकीकत घरोघरी माहीत आहे. शेजारच्या नाट्यगृहापाशी मात्र सगळेच थबकले. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आणि पुढे गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडले. आपण तिथे भाषण केले नाही. ज्यांच्या घरी या नाट्यगृहाच्या आतील जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती जपून ठेवावीत आणि त्यांच्या प्रती पुनर्बांधणीच्या कामासाठी द्याव्यात, एवढीच विनंती केलीत. आमच्या शेजाऱ्यांकडे एका गॅदरिंगचा अल्बम निघाला असून त्यात पडद्याच्या वरची चौकट चांगली दिसते. तो मी आपल्याकडे पोहोचवीन.

भवानी मंडपातून अंबाबाईच्या देवळात गेल्यावर आपण आम्हांला दर्शनाच्या रांगेत न नेता बाहेरच्या भिंतीलगत फिरवलेत, योगिनी आणि नर्तकी-वादकांच्या मूर्ती तिरप्या उजेडात कशा उठून दिसतात ते दाखवलेत. किरणोत्सवाबद्दल आपण जे बोललात ते मी घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवले आहे. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला तसेच 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचावीत अशी ही रचना आहे. म्हणजे देवळाचे स्थापत्य देवळाच्या आवारात संपत नाही, ते बाहेरच्या रस्त्यावरही पसरलेले आहे. महाद्वार रोडवरच्या इमारतीची उंची वाढली की किरणांची वाट अडते. बांधकाम परवान्याचा कागद आणि गाभाऱ्यातला उजेड यांचा असा थेट संबंध मला यापूर्वी कोणी जोडून दाखवला नव्हता.

शिवाजी चौकातील पुतळ्याची हकीकत आमच्या घरात आता रोज निघते. तिथे पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता, स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्याची विटंबना करण्यात कोल्हापूरच्या स्त्रिया पुढे होत्या, आणि पुढे 1945 साली त्याच जागी कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या हातचा शिवछत्रपतींचा पुतळा आला. इंग्रजी अंमल अजून सरलेला नसताना हे घडले, याकडे आपण मुद्दाम लक्ष वेधलेत. माझ्या सासूबाईंना ही हकीकत त्यांच्या आईकडून थोडी ठाऊक होती, आणि आपण ‘आक्का, तुम्हीच सांगा’ म्हणून त्यांच्यासाठी बाजूला झालात. गुडघेदुखीमुळे स्वतःचा इतरांना त्रास होईल या भीतीने त्या येणारच नव्हत्या. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्यासाठी कट्टा शोधून ठेवणे, त्या बसेपर्यंत बोलायला सुरुवात न करणे, हे आपण इतक्या सहजपणे केलेत की त्यांना ते घरी आल्यावर कळले. यासाठी मी आपली विशेष ऋणी आहे.

टाऊन हॉलसमोर आपण सर्वांच्या हाती एकेक कोरे कार्ड आणि पेन्सिल दिलीत आणि एकच कमान काढायला सांगितलीत. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले तरी वर्ग घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे कोणीतरी हळूच म्हणाले. आपण ते ऐकले असावे. पण कमान काढू लागल्यावरच दिसले की ती वर गोल न होता टोकाला येते, तिचे दगड पाचरीसारखे एकमेकांत बसवलेले आहेत, आणि मधला दगड निघाला तर बाकीच्यांचा तोल जाईल. 1872 ते 1876 या काळात ब्रिटिश वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार ही इमारत झाली. आतल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावरच्या या गावाचा समुद्रापलीकडच्या व्यापाराशी किती जुना संबंध होता, हे सांगायला ती ओंजळीत मावेल एवढी मूर्ती पुरेशी आहे.

येथे एक मतभेद नोंदवते. नवा राजवाडा सर्वांनी पाहिलेला असतो म्हणून आपण तो वगळलात, परंतु तो याच मँट यांचा आहे, आणि 1877 ला सुरू झालेले ते काम 1884 ला पूर्ण होण्याआधीच 1881 मध्ये ते वारले. टाऊन हॉलच्या टोकदार कमानी डोळ्यांत ताज्या असतानाच राजवाड्यातील जैन आणि राजपूत धाटणीचे काम पाहिले असते, तर एकाच माणसाची नजर काही वर्षांत कशी बदलली ते कळले असते. अंतर जास्त आहे हे मान्य. त्यासाठी वडाप (भाड्याची जीप) करता येईल.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती आपण आम्हांला एक फेरी मारायला लावलीत आणि 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी महाराजांनी सुरू करवलेल्या वसतिगृहांपैकी कोणकोणती तिथून दिसतात ते मोजायला सांगितलेत. त्या बोर्डिंगांत आजही मुले राहतात. दोरीवर वाळत घातलेले शर्ट बघून आपण हसलात, ते मला आवडले.

पुढची फेरी पंचगंगा घाट, ब्रह्मपुरी आणि खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाची (चित्रपटाच्या कॅमेऱ्याच्या स्मारकाची) असावी, अशी गटातील सर्वांची इच्छा आहे. दिवाळीनंतरची कोणतीही सकाळ आपण कळवावी. माणसे जमवण्याचे आणि नाश्त्याचे मी पाहते. सासूबाईंनी घाटाच्या पायऱ्या उतरणे कितपत जमेल हे आपल्याला विचारायला सांगितले आहे, तरी तेवढे कृपया आधी कळवावे.

आपली विनम्र,
रविवारच्या फेरीतील एक सहभागी
मंगळवार पेठ, कोल्हापूर