नवीन फर्निचरचा वास म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,
दिवाळीआधी आमच्या कोपरखैरण्याच्या घराला रंग आणि दोन नवीन कपाटं केली, आणि पुढचे पंधरा दिवस घरात शिरलं की डोळे चुरचुरायचे, आईला तर खोकलाच लागला. सुताराला विचारलं तर म्हणे 'ताई, नव्या फर्निचरचा वास आहे, जाईल'. अहो पण त्या वासात प्लायच्या गोंदातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायूही असतो, जो २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत कॅन्सर करणारा म्हणून आहे! ई-झीरो किंवा ई-वन ग्रेडचा प्लाय मागितला की हा वायू बराच कमी सुटतो, रंगातही लो व्हीओसी (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) मिळतो, २०२१ मध्ये खादी ग्रामोद्योगने शेणापासूनचा रंगसुद्धा आणलाय, पण दुकानदार स्वतःहून काही दाखवत नाही, आपणच विचारायचं. गावी आजी दरवर्षी चुन्याची सफेदी करायची, तिला कधी असा वास सहन करावा लागला नाही (हात मात्र भाजायचे, ते वेगळं). निदान सोसायट्यांनी जिने, लॉबी रंगवताना तरी कोटेशनमध्ये लो व्हीओसी लिहून घ्यावं.
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई