पाणवेल काढा, पाणकणीस राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. कालव्यांसाठी पाणी अडवले, मागे गाळ साचत गेला, त्यावर बेटे आणि उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झाले, 2020च्या जानेवारीत राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झाले. निफाड तालुक्यातल्या आम्हा लोकांना याचा फार अभिमान आहे.

दर पावसाळ्यात पुराबरोबर पाणवेल, म्हणजे जलपर्णी, येते आणि बंधाऱ्याच्या दारांपाशी, जलाशयाच्या कोपऱ्यांत अडकून बसते. वरच्या शहरांच्या सांडपाण्यावर ती फोफावते. तिच्या हिरव्या चटईखाली ऊन पोहोचत नाही. मग तळातले पाणगवत मरते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी गुदमरते. तलवार बदक, थापट्या, वारकरी हे हिवाळी पाहुणे अशा पाण्यावर उतरणार कुठे आणि खाणार काय? म्हणून ती काढलीच पाहिजे.

पण काढताना काय काढतो आहोत, हेही पाहायला हवे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळच्या काठावर पोकलेन आले आणि पाणवेलीसोबत पाणकणसाचे, म्हणजे काठच्या उथळ पाण्यात दाट वाढणाऱ्या उंच गवतासारख्या वनस्पतीचे, सगळे बेट उपटून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार-पाच जांभळ्या पाणकोंबड्या उघड्या चिखलात भिरभिरत होत्या. त्यांचा विणीचा काळ नेमका पावसाळ्यातच असतो. पाणकणसाचे कोवळे कोंब हे त्यांचे खाणे, आणि घरटेही त्याच दाटीत. कमळपक्ष्याचेही तेच दिवस. त्याचा नर एकटाच अंडी उबवतो, तीही पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर. तिथे पोकलेनचा दात लागला की त्या वर्षीची वीण गेली.

पाणवेल तरंगती, परदेशातून आलेली. पाणकणीस आणि लव्हाळे इथलेच, मुळे रोवून उभे राहणारे, काठाची माती धरून ठेवणारे. कंत्राटात मात्र दोन्ही ‘गवत’च.

माझी विनंती एवढीच. पाणवेल उन्हाळ्यात, पाणी कमी असताना काढावी, तीही आधी अभयारण्याच्या वरच्या पात्रातून. काढलेला ढीग काठावर न टाकता लांब न्यावा, नाहीतर पहिल्या पुरात तो परत पाण्यात येतो. जून ते सप्टेंबर पाणकणसाच्या बेटांत यंत्र घालू नये. काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराला सोबत गावातला एखादा पक्षी-मार्गदर्शक द्यावा. कुठे कोणाचे घरटे आहे हे या मुलांना ठाऊक असते.

– एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक