जखम दिसली की लगेच गोळी नको

महोदय,
वडिलांच्या बुटात दोन दिवस खडा होता, त्यांना कळलाच नाही. मोजा कातडीला चिकटला होता; तो काढताना जखम दिसली. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की असंच होतं. चूक आम्ही पुढे केली. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, गुण येईना म्हणून दुसऱ्या दिल्या. अखेर कल्चर (जखमेतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे पाहणारी तपासणी) केलं, तर रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत! ती पानभर यादी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील, तर अशा जखमेला अँटिबायोटिक देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. संसर्ग असेल तर नमुना वरवरच्या पुवाचा नव्हे, जखम साफ करून आतल्या ऊतींचा घ्यावा, आणि शक्यतो औषध सुरू करण्याआधी. (हे आम्हाला फार उशिरा कळलं.) मृत भाग काढणं, पायावरचा भार कमी करणं, रक्तपुरवठा तपासणं हे गोळीइतकंच महत्त्वाचं आहे. मधुमेहींच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांनी मोजे काढायला लावून तळपाय पाहावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक