पंप कुणाला लागू पडेल?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दम्याचं औषध कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येतं का, असं तू विचारलंस. बऱ्याच अंशी येतं, आणि सुरुवात तुझ्या टेबलावरच्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदापासून होते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची नुसती टक्केवारी पाहू नकोस, आकडा काढ. पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के, म्हणजे ४००. ३०० च्या वर असेल तर स्टेरॉइडचा पंप (इनहेलर) बहुधा छान लागू पडतो. पुन्हा पुन्हा १५० च्या खालीच येत असेल, तर पंप बंद करायचा नाही, पण डोस चढवत नेण्याआधी थांबायचं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यात आणि फार लठ्ठ माणसांतही तो कमीच चालतो.

पण रक्त कधी काढलं? मेडिकलमधून परस्पर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आणून दोन दिवस खाणारा पेशंट आला, तर आकडा शून्याजवळ दिसेल आणि तू फसशील. तुमच्या चंद्रपूरकडे उलटीही फसगत होते. जंतांमुळे आकडा फुगतो. हत्तीरोगाच्या पट्ट्यात रात्रीचा खोकला आणि ३,००० च्या वर इओसिनोफिल दिसले, तर तो दमा नसून हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया असू शकतो. तिथे पंपाने भागत नाही, डीईसी हे हत्तीरोगाचं औषध लागतं.

श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी, म्हणजे फेनो, जिल्ह्याच्या ठिकाणी होत असेल तर करून घे. मोठ्या माणसात ५० च्या वर आकडा म्हणजे स्टेरॉइडला चांगली साथ मिळणार. ती स्पायरोमेट्रीच्या (औषधाआधी आणि नंतर फुंकायला लावून फुफ्फुसाची ताकद मोजण्याच्या) आधी करायची, कारण जोरात फुंकल्यावर आकडा उतरतो. धूम्रपानानेही उतरतो, तर पालक-बीट खाऊन आलेल्याचा चढतो. स्पायरोमेट्रीला पाठवताना श्वासनळ्या मोकळ्या करणारे पंप बंद ठेवायला सांग, फॉर्मोटेरॉलचा २४ तास आणि साल्बुटामॉलचा ४ तास, नाहीतर सुधारणेला जागाच उरत नाही. औषधानंतर एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) हा १.८ लिटरवरून २.१ वर गेला, तर वाढ ३०० मिली आणि साधारण १७ टक्के. हवी असते १२ टक्के आणि २०० मिली, दोन्ही एकदम.

रोग्याची निवड किती महत्त्वाची, हे मेपोलिझुमॅब या इओसिनोफिल कमी करणाऱ्या इंजेक्शनने दाखवलं. सरसकट दमेकऱ्यांना दिलं तेव्हा ते जवळपास फुकट गेलं. २००९ मध्ये इओसिनोफिल जास्त असलेलेच रोगी निवडले, आणि त्याच औषधाने दम्याचे झटके कमी झाले. मुलांचंही तसंच. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात १२६ मुलांना फ्लुटिकॅसोन (स्टेरॉइडचा पंप) आणि मॉन्टेलुकास्ट (गोळी) पाळीपाळीने आठ-आठ आठवडे दिलं. निम्म्याहून अधिक मुलांच्या फुंकेत दोन्हींपैकी कशानेच ठरवलेली सुधारणा झाली नाही. फेनो आणि इओसिनोफिल चढलेल्या मुलांना फ्लुटिकॅसोनचा गुण जास्त आला. जनुकांच्या चाचण्यांच्या मागे मात्र लागू नकोस. रोजच्या कामात त्यांचा अजून उपयोग नाही.

‘पंप लागू पडत नाही’ म्हणणाऱ्याला आधी पंप घेऊन बोलाव. ३० रोटाकॅपची (पंपात घालायच्या औषधी पुडीच्या कॅप्सूलची) बाटली सकाळ-संध्याकाळ एकेक घेऊन १५ दिवसांत संपायला हवी. महिन्यानंतरही निम्मी भरलेली दिसली, तर पुढचं निदान झालंच! मग समोर घ्यायला लाव. कॅप्सूल उघडल्यावर बाहेर पूर्ण श्वास सोडायचा (यंत्रात फुंकायचं नाही), यंत्राच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटून एका दमात जोराने ओढायचं, दहा सेकंद रोखायचं. नंतर यंत्र उघडून रिकामं टरफल बघ. पूड चिकटून असेल तर ओढ कमी पडते आहे किंवा पावसाळी दमटपणाने पुडीने ओल धरली आहे. कॅप्सूल सरळ पाण्याबरोबर गिळणारेही असतात, तेव्हा विचारायला लाजू नकोस.

हे सगळं ठीक असेल, तरच दोन-तीन महिन्यांनी ‘लागू पडलं नाही’ असा शेरा मार. तू लिहिलेल्या त्या बाईंचे जुने सीबीसी शोधून पाठव, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याआधीचे.

तुझा,
अविनाश

ता. क. नाकात पॉलिप (मऊ मांसल गाठी) आहेत का तेही बघ. चाळिशीनंतर सुरू झालेला दमा, पॉलिप आणि चढलेले इओसिनोफिल असं त्रिकूट जमलं, तर मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं चांगली लागू पडतात.