साहेब, ताटकळत न ठेवल्याबद्दल

कै. यशवंतराव चव्हाण यांस,
सादर नमस्कार.

२५ नोव्हेंबरला, तुमच्या पुण्यतिथीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर हार घालणारे पुष्कळ असतात. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य भाषणात एकदा टाकलं की त्यांचं कर्तव्य संपतं. हे पत्र त्यांच्या वतीनं नाही. तुमच्या निर्णयांचे कागद ज्यांच्या घरात प्रत्यक्ष आले, कुणाच्या फीमाफीच्या फॉर्मवर सही झाली, कुणाच्या सातबाऱ्यावर शेरा उमटला, अशांच्या वतीनं आहे.

तरी सुरुवात फॉर्मपासून करत नाही. १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारपासून करतो.

तुम्ही तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होतात. त्या दिवशी पहाटे जम्मूच्या छांब भागात पाकिस्तानी तोफा सुरू झाल्या. मागोमाग पॅटन रणगाड्यांसह दोन रणगाडा रेजिमेंट आत घुसल्या. समोर आपली एक ब्रिगेड आणि एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यांचा एकच स्क्वाड्रन. शत्रूचं लक्ष्य होतं चिनाबवरचा अखनूरचा पूल. तो गेला असता तर राजौरी-पूंछकडे जाणारी रसद तुटली असती आणि तिकडचं सैन्य अडकून पडलं असतं. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग दिल्लीत साउथ ब्लॉकमधल्या संरक्षण मंत्रालयात तुमच्यासमोर आले. मागणी एकच होती, विमानं वापरू द्या. उजेडाचे जेमतेम अडीच-तीन तास उरले होते.

तुम्ही काही मिनिटांत हो म्हणालात. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक लावली नाहीत, टिपणी मागवली नाहीत. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली होती.

आमच्या मते तुमच्या साऱ्या कारकिर्दीत याहून मोठं काही नाही, आणि दिसायला ते एवढंसं आहे. एक तोंडी होकार. त्याचं वजन कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं राबली, पण हल्ला करणारी जमिनीवरच राहिली, कारण वापरली तर चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल ही भीती. भीती अगदीच खोटी होती असं नाही. पण निर्णय घेऊन ‘नको’ म्हणणं वेगळं आणि निर्णयच न घेता वेळ जाऊ देणं वेगळं.

तुमचा होकार फुकटात पडला नाही, हेही लिहायला हवं. नुसती आरती ओवाळायची नाही. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमानं पडली. व्हॅम्पायर जुनं आणि हळू, समोर पाकिस्तानची वेगवान सेबर विमानं. शिवाय घाईत निघालेल्या वैमानिकांचा जमिनीवरच्या तुकड्यांशी धड संपर्क नव्हता, त्यामुळे काही मारा आपल्याच रणगाड्यांवर आणि दारूगोळ्यावर झाला. व्हॅम्पायर त्यानंतर आघाडीवरून काढून घेतली गेली. पण शत्रूची चढाई त्या संध्याकाळी रेंगाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहिमेचा सेनापतीच बदलला, त्यात आणखी वेळ गेला, आणि अखनूरचा पूल हातचा गेला नाही. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेलं.

असा होकार ऐन वेळी सुचत नाही, त्याची तयारी आधीची असते. २१ नोव्हेंबर १९६२ ला तुम्ही संरक्षण खातं हाती घेतलंत, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. तुमच्या हाती आलं ते हरलेलं आणि एकमेकांशी न बोलणारं खातं. तुमच्या आधीच्यांच्या काळात सेनाधिकारी आणि मंत्रालय यांच्यातला विश्वास पार आटला होता. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, नामका चू नदीकाठी जवान उभे होते ते सुती कपड्यांत, पॉइंट ३०३ रायफली आणि माणशी पन्नासेक गोळ्या घेऊन. विमानातून टाकलेला माल दरीत गडगडून जायचा, हाती लागायचा त्यातला थोडाच. सपाटीवरून आलेल्या माणसाला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. ते दिवस त्यांना कुणी दिलेच नाहीत.

तुम्ही गेल्यावर आधी काय केलंत? तिन्ही दलप्रमुखांना सकाळी नेमानं एकत्र बसवायला लागलात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्या माणसाशी रोज सकाळी बोलणं होतं, तो दुपारी चार वाजता दारात आला तर त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं.

मग २ सप्टेंबर १९६३ चं लोकसभेतलं निवेदन. नेफातल्या पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष तुम्ही पाच मुद्द्यांत मांडलेत: प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा वकूब. प्रशिक्षणात चिनी डावपेचांचा विचार नव्हता. सामग्री कमी होती, आणि होती ती डोंगरात वेळेवर चढली नाही. जवान काटक होते, पण उंचीला सरावलेले नव्हते. खालच्या पातळीवरचे अधिकारी नीट लढले, कमतरता वरच्या पातळीवर दिसल्या. हे सगळं संसदेत उभं राहून बोललात आणि कुणा एकाचं नाव घेऊन त्याच्यावर खापर फोडलं नाहीत. त्या वेळी टाळ्या मिळवायला सर्वात सोपं तेच होतं. आदल्या मंत्र्याला शिव्या घातल्या असत्या तर कोणीही अडवलं नसतं. सभ्यता म्हणतात ती अशा जागी दिसते, जिथे असभ्यपणा सहज खपून गेला असता. आजच्या सभागृहांचं चित्रण बघून वीट आलेल्या माणसानं ते निवेदन जरूर काढून वाचावं. फक्त तो मूळ अहवाल तुम्ही खुला केला नाहीत आणि तुमच्यानंतरच्यांनीही नाही. ही एक तक्रार आहे, आभाराच्या पत्रातही ती राहू द्या.

१९६४ ते ६९ ची पाच हजार कोटींची संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, दहा डोंगरी डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन, ओझरचा मिग कारखाना, हे सगळं नोंदींत आहेच. त्यावर वेगळं लिहीत नाही.

आता फॉर्म.

तुम्ही द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत आली. पालकाचं वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत असेल तर मुलाची फी माफ. पुढे ही मर्यादा १२०० रुपये झाली. म्हणजे महिन्याला आधी ७५ आणि मग १०० रुपये. जात कुठली हा प्रश्न त्यात नव्हता. सवलत हायस्कुलालाच नव्हे, कॉलेजलाही होती. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी सारी मेख तिथेच होती: मॅट्रिकपर्यंत रडतखडत कोणीही नेईल, पुढच्या फीपाशी घर थांबायचं.

अडचणी यायच्या त्या दाखल्यात. पगारदाराचं उत्पन्न कागदावर असतं. त्याला महिन्याला पाच रुपये वाढले की तो रेषेबाहेर जायचा. शेतकऱ्याचं उत्पन्न मात्र अंदाजाचं. ज्वारी किती पोती झाली, घरात किती खाल्ली, बाजारात किती गेली, हे ठरवायचं तलाठ्यानं. त्यामुळे बागायतदाराच्या पोराला दाखला मिळाला आणि कारकुनाच्या पोराला नाही, असंही घडलं. नापास झालं की सवलतीवर पाणी. एवढं असूनही नियम एका ओळीत मावत होता. हेडमास्तरांना तो समजत होता, अडाणी बापालाही. शिफारसपत्र घेऊन कुणा पुढाऱ्याच्या ओसरीवर बसायची गरज नव्हती. हल्लीचे शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यांनी भरलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कागदपत्रांची यादीच दोन पानं, आणि पैसे येतात तोवर परीक्षा होऊन जाते.

जिल्हा परिषदांचंही तेच. वसंतराव नाईक समितीचा अहवाल, १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासून अंमल. दोन वर्षांच्या आत सगळं उभं. कलेक्टरला बाहेर ठेवून जिल्ह्याचा कारभार निवडून आलेल्या माणसांच्या हाती दिलात, म्हणजे मुख्यमंत्री म्हणून स्वतःच्याच हातातलं काढून दिलंत. ते पुढे वरच्यांनी कसं हळूहळू परत ओढून घेतलं, त्यावर निराळं पत्र होईल.

वतनाचं मात्र थोडं सविस्तर. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९ मार्च १९२८ ला विधेयक मांडलं होतं, १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं. बलुतं आणि तुकडाभर इनाम जमीन, त्या बदल्यात घरातल्या कुणीही रात्री-अपरात्री सरकारी कामाला पळायचं, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. विधेयक तडीला गेलं नाही. त्यानंतर किती सरकारं आली नि गेली, कुणाला घाई नव्हती. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, तुमच्या कारकिर्दीत, आणि लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन सरकारजमा करून आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, तिप्पट रक्कम भरली की वतनदाराच्याच नावावर पुन्हा करून द्यायची, अशी त्यात तरतूद होती. जमीन मिळाली ती नवीन शर्तीनं, म्हणजे परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. घोटाळे झाले ते इथेच. ज्यांना मुदतीत रक्कम भरता आली नाही त्यांची जमीन सरकारच्या नावावर पडून राहिली. कुणी स्टॅम्पपेपरवर परस्पर विकली, शर्तभंग झाला आणि नातवंडं आज तहसील कचेरीत फेऱ्या मारतायत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ दिसलं की मागे हा सारा इतिहास असतो. पण वेठ संपली. अपरात्री हाक आली तर ‘येत नाही’ म्हणायचा हक्क कागदावर आला.

आणि शेवटचं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलती गेल्या, कारण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ते बसत नव्हते. माणूस तोच, वस्ती तीच, गावकीची वागणूक तीच. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर १९६० मध्ये तुम्ही राज्याच्या हातात होत्या तेवढ्या सवलती नवबौद्धांना सुरू केल्यात. दिल्लीला हेच करायला १९९० साल उजाडलं. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातून जी मुलं कॉलेजात गेली, वसतिगृहांत राहिली, नोकरीला लागली, त्यांची वयं मोजली तर १९९० पर्यंत ती थांबू शकली नसती हे कुणाच्याही ध्यानात येईल.

त्यांचे आणि आमचे आभार स्वीकारावेत.

आपले,
ई.बी.सी.वर शिकलेले काही जण